रास्पबेरी पाय ४: घरचा पहिला सर्व्हर, एका उन्हाळ्यानंतर

वडिलांच्या चादरी-टॉवेलांच्या नक्षींचे फोटो घरातल्या चार मोबाइलांत विखुरले होते. ते एका जागी यावेत, एवढ्याच हेतूने मी मागच्या दिवाळीत ४ जीबी मेमरीचा ‘रास्पबेरी पाय ४’ हा तळहाताएवढा, एका बोर्डावरचा संगणक घेतला. २०२३ मध्ये ‘पाय ५’ आला असला, तरी फायली साठवायला २०१९ चे हे मॉडेल पुरून उरते, कारण त्यात गिगाबिट (वेगवान) नेटवर्क आणि यूएसबी ३.० चे दोन पोर्ट आहेत.

मांडणी सोपी निघाली. मेमरी कार्डावर ऑपरेटिंग सिस्टिम उतरवणाऱ्या ‘रास्पबेरी पाय इमेजर’मध्ये नाव, पासवर्ड आणि एसएसएच (दुसऱ्या संगणकावरून आज्ञा देण्याची सोय) आधीच भरता येत असल्यामुळे मॉनिटर जोडावाच लागला नाही, आणि नेटवर्कवर फोल्डर वाटून देणारे ‘सांबा’ बसवल्यावर त्याच संध्याकाळी सामायिक फोल्डर सर्वांना दिसू लागले.

खरी परीक्षा विजेने घेतली. आमचे घर सोलापूरच्या पूर्व भागात, भिंतीला लागून यंत्रमागाचा कारखाना. सकाळी माग सुरू झाले की पायला यूएसबीने जोडलेली हार्ड डिस्क टक्‌टक्‌ करून बंद पडायची आणि मी महिनाभर कारखान्याला बोल लावत होतो. प्रत्यक्षात त्याच वेळी मोबाइलांतले फोटो आपोआप उतरत होते, डिस्कचा भार वाढत होता आणि मी काटकसर म्हणून लावलेला मोबाइलचा जुना चार्जर तो पेलत नव्हता. या बोर्डाला ५.१ व्होल्ट, ३ अँपिअरचा अडॅप्टर लागतो, शिवाय चारही यूएसबी पोर्टांना मिळून १.२ अँपिअरच मिळतात. योग्य अडॅप्टर आणि स्वतंत्र वीज घेणारा यूएसबी हब (जादा पोर्ट देणारी डबी) आणल्यावर तक्रार संपली. अचानक वीज गेल्यामुळे एकदा मेमरी कार्डही बिघडले. तेव्हापासून राउटर आणि पाय छोट्या यूपीएसवर आहेत.

एप्रिलमध्ये पत्र्याखालच्या माळ्यावर प्रोसेसर ८० अंशांपर्यंत तापला. तेथून पुढे तो स्वतःच वेग कमी करतो. बोर्डाला ॲल्युमिनियमची पेटी घेऊन तो खालच्या फडताळात ठेवला, एवढ्याने भागले.

बाहेरून जोडणीसाठी मात्र दोन रात्री वाया गेल्या, कारण आमचा इंटरनेट पुरवठादार स्वतंत्र सार्वजनिक पत्ता (आयपी) देत नाही, म्हणून बाहेरून पायपर्यंत थेट पोहोचता येत नव्हते. आपली उपकरणे इंटरनेटवरून एका खासगी नेटवर्कात जोडणाऱ्या ‘टेलस्केल’ने ती अडचण सोडवली; आता वडील चाटी गल्लीत व्यापाऱ्यासमोर बसून मोबाइलवर नक्षी उघडतात.

अडॅप्टर, हब, पेटी आणि यूपीएस यांचा खर्च मूळ बोर्डापेक्षा जास्त झाला, हे घेणाऱ्याने आधीच धरून चालावे. दुसरी डिस्क मी महिन्यातून एकदाच जोडतो, प्रत काढतो आणि जुळे सोलापुरात मावशीच्या कपाटात ठेवून येतो.