अल्टिमीटर घड्याळ बरेच महिने वापरल्यावर: घेण्याआधी सेन्सरची भोकं बघा

अल्टिमीटर म्हणजे उंची दाखवणारं घड्याळ. मॉडेलचं नाव मुद्दाम देत नाहीये, कारण हा त्रास बॅरोमीटरवाल्या (हवेचा दाब मोजणाऱ्या) कुठल्याही घड्याळात होऊ शकतो. परवा खड्या चढावर आम्ही चांगले वर येत होतो आणि उंचीचा आकडा जागचा हलेना, मग मध्येच एकदम मोठी उडी, परत ठप्प. सर्व्हिस सेंटरवाले म्हणे सेन्सर गेला, मॉड्यूल बदला, वॉरंटीत बसत नाही. खर्च असा सांगितला की त्यात थोडी भर घातली तर नवीनच येईल. मी घड्याळ परत घेऊन आलो.

घरी केसच्या कडेची ती बारीक भोकं भिंगातून बघितली, तर घाम, धूळ आणि सनस्क्रीन मिळून आत चिकट बूच बसलेलं. कोमट पाण्यात अगदी सौम्य साबण घालून घड्याळ बुडवून ठेवलं, मग नळाखाली धुतलं, पूर्ण सुकू दिलं, आणि आकडा परत नीट चालायला लागला! फुकटात. (आधी वॉटर रेझिस्टन्स बघा, पाण्यात बटणं दाबू नका, आणि टाचणी अजिबात घालू नका, आतला सेन्सर फार नाजूक असतो.)

भोकांवर एवढं का अडलोय तर हे घड्याळ उंची मोजतच नाही, हवेचा दाब मोजतं आणि त्यावरून उंची काढतं. समुद्रसपाटीजवळ दाब १ हेक्टोपास्कलने (दाब मोजायचं एकक) उतरला की साधारण ८ मीटर चढलो असं धरतं, आणि ५५०० मीटरच्या आसपास दाब जवळपास निम्मा होतो तेव्हा तोच १ हेक्टोपास्कल साधारण १५ मीटरचा होतो. भोक बुजलं की बाहेरचा दाब आत पोचतच नाही, मग महागडा सेन्सर असून उपयोग काय.

सुरुवातीला मला वाटायचं की बॅरोमीटरपेक्षा जीपीएसची उंची बरी, कारण तंबूत झोपलेलो असतानाही बॅरोमीटरचा उंचीचा आकडा वाढलेला दिसायचा. आता मत बदललंय. सगळे उपग्रह आपल्या वरच्या बाजूलाच असतात, त्यामुळे जीपीएसची उंची आडव्या जागेपेक्षा जास्त चुकते आणि दरीत तर फारच. आणि रात्री एका जागी बसून आकडा ३०-४० मीटर वाढला म्हणजे दाब उतरलाय, हवा बिघडू शकते, ही खबर उलट कामाचीच. फक्त उष्ण प्रदेशात दाब रोजच सकाळी दहाच्या सुमारास चढतो आणि दुपारी चारच्या सुमारास उतरतो, तेवढ्या फरकाला घाबरू नका. दाब झपाट्याने उतरला की वाजणारा वादळाचा अलार्मही मुक्कामालाच खरा, चढताना दाब आपल्या चढण्यानेच उतरत असतो.

म्हणून घेताना मी दोनच गोष्टी बघेन. हवेबरोबर आकडा सरकतो, म्हणून नकाशावर उंची दिलेल्या खिंडीत किंवा माथ्यावर पोचल्यावर हातमोजे घालूनही उंची चटकन सेट करता येते का, आणि भोकं उघडी, धुता येतील अशी आहेत का. तापमान ठीकठाक, मनगटावर असताना अंगाची उष्णताच दाखवतं, काढून अर्धा तास ठेवावं लागतं.

कुणाला मॉड्यूल बदला सांगितलं असेल तर आधी विचारा, साफ करून तपासलंत का? मला या प्रश्नाचं उत्तर सर्व्हिस सेंटरवाल्यांनी अजून दिलेलं नाही.