वावरातल्या कॅमेऱ्यासाठी सोलर: लेड-ॲसिड की लिथियम?

काटोलकडच्या संत्र्याच्या बगीच्यात लाइन नाही, पण ५ वॅटचा सिमवाला कॅमेरा चोवीस तास आणि ९ वॅटचा एलईडी रात्री पाच तास चालवायचा आहे. १२० अधिक ४५ म्हणजे रोजचे १६५ वॅट-तास, गळती धरून २००. त्याला १०० वॅटचं पॅनल पुरतं. श्रावणात दोन दिवस आभाळ असलं तरी चालायचं तर बॅटरीत वापरता येणारे ४०० वॅट-तास हवेत. पैसा तिथेच लागतो.

लेड-ॲसिड निम्म्याखाली उतरवत राहिलं की लवकर मरते. म्हणून १२ व्होल्ट, ७५ एएचची (अँपिअर-तास, म्हणजे बॅटरीची क्षमता) घ्यावी लागते. वजन पंचवीस किलोच्या आसपास. लिथियम फेरो फॉस्फेट ८० टक्के वापरता येते, त्यामुळे १२.८ व्होल्ट, ४० एएच पुरते आणि ती एका हातात उचलून नेता येते. खरेदीला लेड-ॲसिड स्वस्त.

पण नागपुरात निकाल लावतो तो नवतपा, म्हणजे मेअखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस. २५ अंशांच्या वर दर १० अंशांना लेड-ॲसिडचं आयुष्य साधारण निम्मं होतं. शिवाय तापलेल्या बॅटरीला कमी व्होल्ट लागतात: २५ अंशांना फ्लोट (भरलेली बॅटरी भरलेली ठेवणारं व्होल्टेज) १३.६, तर ४५ ला सुमारे १३.२५. तापमान सेन्सर नसलेला स्वस्त कंट्रोलर (पॅनल आणि बॅटरीच्या मध्ये बसून चार्जिंग सांभाळणारा डबा) १३.६ देतच राहतो, मग पाणी उडतं आणि प्लेटा झिजतात. त्याचा लोड-कट, म्हणजे बॅटरी उतरल्यावर कॅमेरा-दिवा तोडण्याची पातळी, बहुधा १०.७ व्होल्टवर असतो, तो ११.८ करा.

लिथियमला उन्हाचं वावडं नाही, असं नाही. बऱ्याच सेलची चार्जिंगची मर्यादा ४५ अंश. उन्हातल्या पत्र्याच्या पेटीत ती सकाळीच ओलांडली जाते आणि बीएमएस, म्हणजे बॅटरीतलंच राखणीचं सर्किट, चार्जिंग तोडतं. पेटी उत्तरेच्या भिंतीला, सावलीत, खाली-वर जाळीची भोकं पाडून लावा. बॅटरी अशी अचानक सुटली की साध्या कंट्रोलरमधून पॅनलचे २१-२२ व्होल्ट थेट कॅमेऱ्यापर्यंत जाऊ शकतात. म्हणून मध्ये ३० व्होल्टपर्यंत झेलणारा, १२ व्होल्ट देणारा बक-बूस्ट (व्होल्टेज कमी-जास्त करून स्थिर ठेवणारा कन्व्हर्टर) टाका. कंट्रोलरवर लिथियमचं सेटिंग, १४.२ ते १४.४ व्होल्ट, इक्वलाइझ (लेड-ॲसिडसाठीचं मुद्दाम जास्त व्होल्टचं चार्जिंग) बंद. किती चार्ज उरला ते मल्टिमीटरने कळत नाही, मधल्या टप्प्यात व्होल्टेज जवळपास हलतच नाही.

आमचं मत: बारमाही कॅमेऱ्याला लिथियम. दिवाळी ते होळी एवढीच राखण असेल, किंवा बॅटरी चोरीला जायची धास्ती असेल, तर लेड-ॲसिडच बरी.

एमपीपीटीवर (पॅनलचे जादा व्होल्टही चार्जिंगला वापरणारा महाग कंट्रोलर) मात्र खर्च करू नका. १८ व्होल्टचं पॅनल मे महिन्यात ७० अंशांपर्यंत तापलं की जेमतेम १५ व्होल्ट देतं, तेव्हा एमपीपीटीला कमावायला फारसं उरत नाही. तेच पैसे वायरीत घाला. पॅनल १० मीटरवर असेल तर २.५ चौरस मिमीच्या वायरीत ०.८ व्होल्टच्या वर घट होते, ४ चौरस मिमीत अर्ध्या व्होल्टच्या आसपास. पॅनल दक्षिणेला, २१ अंश कलतं.

जोडताना आधी बॅटरी, मग पॅनल, शेवटी लोड, काढताना उलट. १० अँपिअरचा फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरातच हवा. कंट्रोलरजवळ लावला तर मधली वायर उंदराने कुरतडल्यावर तो काहीच वाचवत नाही.