रात्रीच्या कॉलसाठी बटणांचा साधा फोन घेतला, आठ महिने वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

आधी फोनचं सांगून टाकते, बाकीचं रामायण नंतर. बटणांचा साधा फोन, १.८ इंचाचा स्क्रीन, टॉर्च, रेडिओ, सापाचा गेम, दोन सिमची सोय. भोसरीतल्या एका दुकानातून १३५० रुपयांना घेतला. ब्रँड लिहीत नाही कारण या रेंजमधले सगळे एकाच माळेचे मणी आहेत आणि तसंही मला मोबाइलमधलं फार कळत नाही, मला मायक्रॉनमधलं (मिलीमीटरचा हजारावा भाग) कळतं.

घेताना पहिल्याच दिवशी माती खाल्ली. फोन २जीवाला होता आणि घरात जिओचं एक सिम रिकामं पडलेलं ते टाकलं, नेटवर्क शून्य. दोनदा बंद करून चालू केला, गॅलरीत जाऊन उभी राहिले, मग नवऱ्याने शांतपणे सांगितलं की अगं जिओला २जी नाहीच, ते पहिल्यापासून ४जी. तर तुमच्याकडे जिओ असेल तर ४जीवालाच बटणफोन घ्या, सहासातशे रुपये जास्त जातील. आणि जिओभारत (जिओचाच ४जी बटणफोन) घेणार असाल तर त्यात दुसऱ्या कंपनीचं सिम चालत नाही हे पण लक्षात ठेवा. मी शेवटी दुसऱ्या कंपनीचं नवं सिम घेतलं. रिचार्ज डेटा नसलेला, फक्त कॉल आणि एसएमएसचा मारते, ८४ दिवसांचा साडेचारशे पावणेपाचशेच्या आसपास बसतो. ट्रायने (फोन कंपन्यांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) डिसेंबर २०२४ मध्ये कंपन्यांना असे पॅक ठेवायला सांगितलं तेव्हापासून मिळतात, पण दुकानदार स्वतःहून सांगत नाही, मागावा लागतो.

आता मुळात हे डबडं कशाला घेतलं ते.

मी चाकणला एका ऑटो पार्ट्सच्या कंपनीत क्वालिटी बघते. तीन शिफ्ट चालतात, हाताखाली अकरा जण. दिवसभर मी प्लांटमध्ये असतेच पण सेकंड आणि थर्ड शिफ्टची पोरं मला व्हॉट्सअॅपवर शोधायची. रात्री पावणेदोनला एअर गेजच्या (पार्टमधल्या भोकाचं माप हवेने मोजणारं यंत्र) डायलचा फोटो आणि खाली फक्त "मॅडम?" एवढंच. त्या एका मॅडम आणि प्रश्नचिन्हात सगळं आलं, म्हणजे पार्ट कुठला, मशीन कुठलं, किती पीस झाले, सेटरला (मशीन लावून देणारा) विचारलं का, हे सगळं मी अंथरुणात उठून बसून एकेक करून विचारायचं. आणि एकदा जाग आली की तीनपर्यंत झोप नाही.

त्यात आमची सुट्टी गुरुवारी. जे या पट्ट्यातले नाहीत त्यांच्यासाठी सांगते, भोसरी-पिंपरी-चाकणकडे बऱ्याच कंपन्यांना रविवार नाही, गुरुवार असतो, विजेचा भार वाटायला वार वाटून दिले होते तेव्हापासूनचं चालत आलंय. आता माझा गुरुवार, लेकीची शाळा रविवारी बंद, नवरा हिंजवडीला त्याला शनिवार रविवार. म्हणजे तिघं एकत्र घरी असा वार कॅलेंडरमध्येच नाही, सणवार सोडून. आणि गुरुवारी कस्टमरचं ऑफिस चालू असतं, त्यामुळे तिकडून फोन येणारच. मग राहिलं काय तर रात्रीचे आठ ते साडेदहा. त्या अडीच तासातही मी अर्धी प्लांटमध्ये. एकदा लेक म्हणाली आई पोळी करपतेय, मी म्हटलं होल्ड टॅग लाव. खरंच म्हटलं, म्हणजे संशयित माल बाजूला अडवून ठेवताना लावतात ती चिठ्ठी. घरात अजून त्यावरून हसतात.

बरं, नुसता दुसरा फोन घेऊन काही होत नाही हे मला माहीत होतं. घ्यायच्या आधी मी एक महिना वही ठेवली. रात्री आठनंतर जो कोणी फोन किंवा मेसेज करेल त्याचं नाव, काम, आणि मी काय उत्तर दिलं. महिनाभरात ५२ झाले. त्यातल्या ३७ ला माझं उत्तर होतं "होल्डला टाक, सकाळी बघते" किंवा "बरोबर आहे, चालू दे". म्हणजे त्या पोरांना उत्तर माहीत होतं! त्यांना फक्त माझा शिक्का हवा होता, की उद्या काही झालं तर मॅडमनी सांगितलेलं. आणि ही सवय त्यांना कोणी लावली तर मीच, कारण मला न विचारता काही केलं की मी सकाळी येऊन आधी "कुणाला विचारून केलं" हेच विचारायचे. ती वही वाचताना मला जरा लाजच वाटली, खोटं कशाला बोलू. मी पोरांवर चिडत होते आणि आजार माझ्याच घरचा निघाला.

मग नियम केले. आठ वाजता स्मार्टफोन कपाटात, साड्यांच्या घडीखाली. बटणफोनचा नंबर फक्त तीन शिफ्ट इन्चार्ज, माझे आईवडील आणि लेकीची शाळा यांच्याकडे. शिफ्टवाल्यांना सांगितलं तीनच गोष्टींसाठी फोन करायचा, कुणाला लागलं असेल, कस्टमरची लाइन थांबायची वेळ आली असेल, किंवा खराब माल गेटबाहेर गेल्याचा संशय असेल. बाकी तुम्ही ठरवायचं आणि शिफ्ट रजिस्टरमध्ये लिहायचं, काय दिसलं, काय केलं, का केलं. चुकलं तर साहेबांच्या शिव्या मी खाईन. असं मोठ्या तोऱ्यात सांगितलं.

आता या फोनचा सगळ्यात भारी फीचर, जो डब्यावर कुठेच लिहिलेला नाही: याच्यावर फोटो पाठवता येत नाही. ऐकायला येडपट वाटेल पण खरी जादू इथेच आहे. फोटो पाठवायला डोकं लागत नाही, अंगठा लागतो. फोनवर मात्र तोंडाने सांगावं लागतं. "मॅडम, बोअर वरच्या लिमिटला चाललंय, शेवटचे वीस पीस एकाच बाजूला सरकलेत, सेटरने इन्सर्ट बदललं तरी तेच" असं वाक्य जुळवता जुळवता पोरगं अर्ध्यात थांबतं आणि म्हणतं, थांबा मॅडम, मास्टर लावून गेज चेक करतो आधी. (बोअर म्हणजे पार्टमधलं भोक, इन्सर्ट म्हणजे मशीनचं कापायचं पातं, आणि मास्टर म्हणजे अचूक मापाचा नमुना, तो लावला की गेज बरोबर दाखवतंय का ते कळतं.) आणि परत फोन येत नाही. असं पहिल्या महिन्यात चारपाच वेळा झालं. टोयोटाच्या अँडन दोरीची स्लाइड आम्हाला प्रत्येक ट्रेनिंगमध्ये दाखवतात, की कामगाराला गडबड दिसली तर तो स्वतः दोरी ओढू शकतो, कुणाची परवानगी लागत नाही. मी ती स्लाइड स्वतः नव्या पोरांना दाखवलेली आहे, आणि रात्री दोन वाजता दोरी ओढायची परवानगी पण स्वतःच देत बसले होते.

पण सगळं गोडगोड झालं नाही. दुसऱ्या महिन्यात थर्ड शिफ्टच्या एका पोराने, डिप्लोमा झालेला, हुशार पण जरा घाबरट, ६०० पीस होल्डला टाकले. मला फोन नाही, नियमाप्रमाणेच. सकाळी बघितलं तर पीस सगळे ओके, गेजच सरकलेलं होतं, मास्टर लावून बघायचं राहिलेलं. तोपर्यंत सकाळची सहाची गाडी चुकलेली, मग वेगळा टेम्पो करून माल पाठवावा लागला, त्याचं भाडं, कस्टमरचा मेल, साहेबांचा पारा. आणि मी काय केलं? शिव्या मी खाईन म्हणाले होते ना, त्या खाल्ल्या खऱ्या, पण खाऊन झाल्यावर सरळ लाइनवर गेले आणि चार जणांसमोर त्याला म्हटलं, मास्टर लावायची अक्कल नाही का रे तुला.

पुढच्या आठवड्यात बटणफोन रोज रात्री वाजायला लागला. फक्त त्याचा नाही, तिन्ही शिफ्टचा. एवढा छोटा फोन पण रिंगटोन अशी की शेजारच्या काकू उठतील. तेव्हा वाटलं फेकून द्यावं हे डबडं, पैसे पाण्यात. दोनतीन दिवस मी फोनलाच दोष देत होते, मग सासूबाईंनी एका वाक्यात निकाल लावला, "तू पोराला ओरडलीस म्हणतेस, मग तो विचारल्याशिवाय पाणी तरी पिईल का." त्या आयुष्यात कधी कंपनीत गेलेल्या नाहीत.

मग मी शिफ्ट बदलताना पाच मिनिटांची उभ्याउभ्या मीटिंग असते तिथे सगळ्यांसमोर सांगितलं की संशय आल्यावर माल होल्ड केला ते शंभर टक्के बरोबर, मास्टर चेक राहिला ते शिकण्यासारखं, आणि मी चार लोकांत ओरडले ते माझं चुकलं. सांगायला वीस सेकंद लागली असतील पण सांगायचं ठरवायला चार दिवस लागले. पोरगा काही बोलला नाही, नुसता गेजकडे बघत उभा होता. पण त्या रात्रीपासून रजिस्टरमध्ये त्याचं अक्षर दिसायला लागलं, आता तर अर्धं पान लिहितो, कधीकधी जास्तच लिहितो. दर शिफ्टच्या सुरुवातीला मास्टर लावून एंट्री करायची हे त्यानेच सुचवलं आणि आता सगळ्यांना लागू केलंय.

सध्या महिन्याला तीनचार फोन येतात, आणि आला की खरंच काहीतरी असतं. एकदा ऑपरेटरच्या बोटाला लागलेलं, तेव्हा फोन आला म्हणून बरं झालं.

घरातलं पण थोडं सांगते. इथेही मी तेच करत होते हे कळायला मात्र जास्त वेळ लागला. नवरा विचारायचा डब्याला काय देऊ, मी म्हणायचे तूच ठरव, आणि त्याने फ्लॉवर केला की म्हणायचे आज पण फ्लॉवर? तो पण शेवटी विचारूनच करायला लागला, काय वेगळं होणार. शाळेचा व्हॉट्सअॅप ग्रुप कपाटात गेल्यामुळे पहिल्याच आठवड्यात "उद्या पांढरा ड्रेस" हा मेसेज चुकला आणि लेक निळ्या ड्रेसात गेली, घरी येऊन रुसली. मग नवऱ्याला ग्रुपमध्ये घेतलं. आता तो तिथे माझ्यापेक्षा जास्त अॅक्टिव्ह आहे, प्रोजेक्टचा थर्माकोल कुठे स्वस्त मिळतो हे इतर आया त्याला विचारतात.

काही जण म्हणतील कायदा हवा, ऑफिस सुटल्यावर फोन न उचलण्याचा हक्क. फ्रान्समध्ये २०१७ पासून तशी तरतूद आहे, आपल्याकडे सुप्रिया सुळेंनी २०१८ मध्ये लोकसभेत खासगी विधेयक मांडलं होतं, झालं काही नाही. यावा कायदा, माझी काही हरकत नाही, माझ्या पोरांना तर नक्की मिळावा कारण त्यांना गुरुवारी फोन करणारी मीच असते. हो, हे पण वही ठेवताना कळलं. सुट्टीच्या दिवशी मी त्यांना महिन्यात १४ फोन केले होते. त्याचं अजून काही जमलं नाहीये पूर्ण, चारपाचवर आणलंय.

आता फोनचे दोष, कारण रिव्ह्यूमध्ये ते लागतात. चार्जर जुन्या बारीक पिनेचा, घरातले सगळे टाइप-सी, त्यामुळे ती एक वायर हरवली की शोधाशोध. मराठीत एसएमएस टाइप करणं म्हणजे शिक्षा, मी "ओके" च्या पुढे जात नाही. एसएमएसची जागा लवकर भरते आणि भरल्यावर नवीन येतच नाही, दर पंधरा दिवसांनी रिचार्जच्या जाहिराती पुसत बसा. बँकेचे ओटीपी जुन्या नंबरवर, म्हणजे कपाटात, त्यामुळे रात्री साडेदहाला अंथरुणात पडल्या पडल्या कुर्ते मागवणं बंद झालं, हे दोषात टाकायचं की गुणात ते मी ठरवलेलं नाही. आवाज स्पष्ट आहे, बॅटरी चारपाच दिवस सहज, दोनदा फरशीवर पडला, काही झालं नाही. टॉर्च उत्तम, लाइट गेल्यावर डीपी बघायला तोच घेऊन जातो.

कुणी घ्यावा? ज्याच्या हाताखाली माणसं आहेत आणि ती माणसं दर दहा मिनिटांनी विचारतात त्याने आधी महिनाभर वही ठेवावी, वही फुकट आहे. वही बघून घाम फुटला तर फोन घ्या. नोकरीला लागून वर्षच झालंय अशा पोरापोरींनी बॉसवर हा प्रयोग करू नये.

पाचपैकी चार स्टार. एक त्या पिनेचा कापला.

आणि एक नवीन अडचण, दिवसभर फोन घरी पडून असतो म्हणून सासूबाईंनी त्यावर रेडिओ लावायला सुरुवात केली, विविध भारती १०१, भाजी निवडताना टेबलावर. आता संध्याकाळी आठला फोन मागितला की म्हणतात थांब गं, हे गाणं होऊ दे. परवा त्यांनीच थर्ड शिफ्टवाल्याचा फोन उचलला आणि त्याला विचारलं, जेवलास का बाळा. बहुतेक त्यांच्यासाठी वेगळा घ्यावा लागणार, ४जीवाला.