मांजरासाठी बाल्कनीला जाळी बसवून घेतली, जुळे सोलापूर

जुळे सोलापुरात आता वरच्या मजल्यांवर मांजर पाळणारे बरेच झालेत म्हणून जरा सविस्तर लिहितेय. आमच्या शेंग्यासाठी (पिवळा बोका, अजून अंगात पोरकटपणा आहे) बाल्कनीला आणि हॉलच्या दोन खिडक्यांना जाळी बसवून घेतली, काम एकदम पक्कं झालंय. घर वरच्या मजल्यावर असेल तर आधी हे काम करा, खेळणी-बिळणी नंतर घेता येतात.

"मांजर कशाला पडतंय, पडलं तरी पायावरच पडतंय" असं बिल्डिंगमधल्या कितीतरी जणांनी ऐकवलं. पडतंय हो! समोर कबुतर बसलं की त्याला कठड्याचं भान राहत नाही. आणि फटाका वाजला की दिसेल तिकडं उडी, आपल्याकडं तर दिवाळी झाली की जानेवारीत गड्ड्याचं (सिद्धेश्वरच्या जत्रेचं) दारूकाम असतंच. पायावर पडलं म्हणजे काही होत नाही हेही खरं नाही, १९८७ साली न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी उंचावरून पडलेल्या १३२ मांजरांचा अभ्यास छापला होता, उपचार मिळाले म्हणून त्यातली ९० टक्के जगली पण बहुतेकांच्या छातीला मार बसलेला, कित्येकांचं तोंड फुटलेलं, पाय मोडलेले.

आता जाळीबद्दल. कबुतरासाठी लावतात ती दोन इंची जाळी मांजराला घेऊ नका, लहान पिल्लू त्यात डोकं घालतं आणि डोकं गेलं की मागनं अंग जातंच. आम्ही एक इंची नायलॉनची घेतली, उन्हात टिकणारी आहे का हे विचारून, कारण साधं नायलॉन आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात कडक होऊन तुटायला लागतं. नर्सरीला लावतात ते हिरवं कापड आणि खिडकीची मच्छरजाळी ह्या दोन्हींवर अजिबात भरवसा ठेवू नका, मांजराच्या नखापुढं ती काही टिकत नाही.

बसवायला दोन पोरं आली होती. आपसात तेलुगू बोलत होती, आमच्या सासूबाई पण तेलुगूत सुरू झाल्या मग काय, चहा झाला, गप्पा झाल्या, काम पण मन लावून झालं. वीतभर अंतरावर ड्रिल मारून गिट्टी (भोकात बसवायचा प्लग) ठोकून हुक बसवले, जाळीच्या कडेनं प्रत्येक चौकोनातून जाड दोरी ओवली आणि ती दोरी हुकात ताणून बांधली. मला सगळ्यात आवडलं ते हे की खालच्या कोपऱ्यात रेलिंग आणि भिंतीच्या मधे जी फट राहते तिथं त्या पोरानं स्वतः बोटं घालून बघितली, तीन बोटं आत गेली तशी गाठ सोडून परत बांधली. दोरीची टोकं लायटरनं जाळून बंद केली, म्हणजे उसवत नाही. हे न सांगता केलं!

१८ रुपये स्क्वेअर फुटानं पडलं. तक्रारी दोन. सांगितलेल्या दिवशी आले नाहीत आणि फोन पण केला नाही. दुसरं म्हणजे एसीच्या आउटडोअर युनिटकडं जायला चेन (झिप) लावून उघडता येणारा भाग ठेवायला पाहिजे होता, ते आधी विचारलंच नाही, नंतर कापून चेन लावली त्याचे वेगळे पैसे घेतले. तुम्ही आधीच सांगा.

आता उन्हाळ्यात रात्री खिडक्या सताड उघड्या टाकतो, आधी मांजरापायी बंद ठेवून उकडत बसायचो. शेंग्या पहाटेपासून बाल्कनीत, जुन्या टॉवेलवर पालथा पसरून चिमण्यांकडं बघत टकटक दात वाजवत असतो, इतका खूश की जेवायला हाक मारली तरी येत नाही. शेजारी मातीच्या परळात पाणी ठेवते.

बाल्कनी त्याचीच झाली म्हणून कुंड्या पण बघून घेतल्या. लिलीची कुंडी खालच्या काकूंना दिली, लिलीची पानं, फुलं, परागकण सगळंच मांजराची किडनी घालवतं, फ्लॉवरपॉटमधलं पाणीसुद्धा. त्याला चघळायला गवत पाहिजे असतं तर गहू पेरलेत. ज्वारी घरात असते म्हणून ती पेरू नका, कोवळे पोंगे जनावरांना विषारी असतात हे आपल्याकडं शेतकऱ्यांना विचारा, कुणीही सांगेल.

जाळी लावली म्हणजे कायमची सुटका नाही हेही लक्षात ठेवा, उंदीर कुरतडतात, काही मांजरं पण चावतात. मी दर महिन्याला सगळे हुक हातानं ओढून बघते. तुमचं मांजर फारच चावरं असेल तर स्टीलच्या तारेची जाळी घ्या, महाग पडते पण घ्या. आणि फोन करायच्या आधी मापं काढून ठेवा, रेट ठरवताना घासाघीस करायला बरं पडतं.