ओक की ट्रॉय? गंजी पाहून ठरवा

थॉमस हार्डीच्या 'फार फ्रॉम द मॅडिंग क्राउड' (१८७४) मधली बाथशेबा स्वतः शेती कसते. तेव्हा नवरा म्हणून तिच्यासाठी कोण बरा, मेंढपाळ ओक की सैनिक ट्रॉय, हे मराठवाड्यातल्या वाचकानं शेतकऱ्याच्या नजरेनंच ठरवावं. तिसरा उमेदवार, शेजारचा शेतकरी बोल्डवूड, त्याला बाजूला ठेवू. त्याच्याबद्दल तिला अपराधी वाटतं, ओढ नाही.

सार्जंट ट्रॉयला कमी लेखू नका. नेच्याच्या झाडीत तो तिच्याभोवती तलवार फिरवतो, केसांची बट उडवतो, अंगावर बसलेला सुरवंट टोकावर अलगद उचलतो. तलवार बोथट आहे ही थाप होती, हे तिला मागाहून कळतं. अशा माणसावर जीव जडला तर नवल नाही.

गॅब्रिएल ओकच्या हातातही टोकदारच हत्यार. मेंढ्या क्लोव्हर नावाच्या कोवळ्या चाऱ्यात घुसतात आणि फुगतात. आपल्याकडे लसूणघासानं होते तीच पोटफुगी. ओक डाव्या भकाळीवर जागा चाचपतो, सुईसकट नळी खुपसतो, सुई ओढून घेतो, नळी आत ठेवतो. वारा असा सुटतो की तोंडाशी धरलेली मेणबत्ती विझावी. ४९ मेंढ्या वाचतात. एकीच्या वेळी नेम चुकतो आणि ती मरते. आदल्याच दिवशी बाथशेबानं त्याला कामावरून काढलेलं असतं, हेही विसरू नये.

ओक फटकळ आहे. तिचं चुकलं की तोंडावर सांगतो. रोज घरात हे ऐकणं काहींना जड जाईल, मान्य.

पण सुगीच्या जेवणाची ती रात्र काही केल्या मनातून जात नाही. ट्रॉय आता नवरा, शेताचा मालक. खळ्यावर गव्हाच्या ५ आणि बार्लीच्या ३ गंज्या उघड्या, ओकच्या हिशेबानं ७५० पौंडांचा माल. मेंढ्यांची चाल पाहून ओक पावसाचा निरोप धाडतो. उत्तर येतं: पाऊस येणार नाही, असल्या किरकिरीला वेळ नाही. वर ट्रॉय गड्यांना ब्रँडी पाजतो. सफरचंदाची दारू किंवा सौम्य बिअर यापलीकडे काही न प्यायलेली ती माणसं आडवी होतात. परतीच्या पावसात सोयाबीनच्या गंजीवर ताडपत्री ओढायला धावलेल्याला इथे चीड येईलच. विजा कडाडत असताना ओक एकटा गंज्या झाकतो, आणि बाथशेबा पेंढ्या घेऊन शिडी चढते.

सकाळी ट्रॉय आणि गडी कोठारातून बाहेर पडून घरी जातात. एकाचीही मान गंजीकडे वळत नाही.