गच्चीखालच्या फ्लॅटसाठी भाड्याचा कूलर: प्रतापनगरातील एका दुकानाचा अनुभव

वसतिगृह सोडून पहिल्यांदाच फ्लॅट भाड्याने घेणाऱ्या विद्यार्थ्याला नागपुरात पलंगाच्या आधी कूलरचा विचार करावा लागतो, आणि तो कूलर विकत घेण्यापेक्षा हंगामापुरता भाड्याने घेणे शहाणपणाचे आहे, असे माझे आता पक्के मत झाले आहे. उन्हाळी इंटर्नशिपसाठी मी आणि माझे दोन मित्र एप्रिलच्या सुरुवातीला प्रतापनगरात तिसऱ्या मजल्यावरील, म्हणजे थेट गच्चीखालच्या, दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो. कूलर, लोखंडी पलंग, अभ्यासाचे टेबल आणि गाद्या हे सारे आम्ही त्याच भागातील एका दुकानातून भाड्याने घेतले. दुकानाचे नाव येथे देत नाही, कारण पुढे तक्रारीही येणार आहेत आणि यातील बहुतेक गोष्टी शहरातील अशा इतर दुकानांनाही लागू पडतात.

या शहराचा उन्हाळा काय असतो, हे बाहेरगावच्या विद्यार्थ्यांनी आधीच समजून घ्यावे. 23 मे 2013 रोजी येथे 47.9 अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली होती, आणि मे महिन्यात पारा 44-45 अंशांवर जाणे ही तर नेहमीचीच गोष्ट आहे. गच्चीखालच्या खोलीत दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतो, त्यामुळे छताचा पंखा केवळ गरम हवाच फिरवतो. मात्र हवा कोरडी असते, आणि कूलरचे सारे यश याच कोरडेपणावर अवलंबून असते. बाहेर 44 अंश तापमान आणि आर्द्रता 15 टक्क्यांच्या आसपास असेल, तर चांगल्या भिजलेल्या ताट्यांमधून, म्हणजे कूलरच्या बाजूंना लावलेल्या पाणी धरून ठेवणाऱ्या पॅडमधून, आत येणारी हवा साधारण 30 अंशांपर्यंत खाली येते. पंखा आणि पंप मिळून विजेचा वापर 200 वॉटच्या आसपास होतो, तर दीड टनाच्या एसीला साधारण 1500 वॉट लागतात. वीजबिल तिघांत वाटून घेणाऱ्यांना हा फरक पहिल्याच महिन्यात जाणवतो.

दुकानाने लोखंडी बॉडीच्या मोठ्या कूलरचे संपूर्ण हंगामाचे भाडे 2,200 रुपये आणि अनामत 1,000 रुपये सांगितली. त्याच आकाराच्या नव्या कूलरसाठी आम्हाला 8,000 ते 9,000 रुपये सांगण्यात आले होते. चार उन्हाळे काढायचे असतील तर नवा कूलर भाड्याइतक्याच खर्चात पडतो, असा हिशेब कोणी मांडेल, आणि कागदावर तो बरोबरही आहे. परंतु विद्यार्थी चार उन्हाळे एकाच घरात क्वचितच काढतो. पावसाळ्यात ते लोखंडी धूड ठेवायचे कुठे, गंज धरलेला टप कोण रंगवणार आणि शिक्षण संपल्यावर तो कूलर विकणार कोणाला, या प्रश्नांची उत्तरे त्या हिशेबात नसतात.

या दुकानाची सर्वांत चांगली बाजू म्हणजे कूलर बसवण्याची पद्धत. सामान देण्याआधीच दुकानदारांनी खिडकीच्या ग्रिलमधील चौकटीचे माप मागवले. माप न घेता कूलर घरी आणला आणि तो चौकटीपेक्षा लहान निघाला, तर उरलेली फट पुठ्ठ्याने बुजवत बसावे लागते आणि तिच्यातून गरम हवा आत येत राहते. कूलर स्टँडवर चढल्यानंतर दुकानदारकाका स्वतः वर आले. त्यांनी आधी फक्त पंप सुरू केला, पंख्याला हात लावला नाही, आणि तिन्ही बाजूंच्या ताट्यांवरून तळहात फिरवत पाणी कुठे पोहोचत नाही ते पाहिले. डाव्या ताटीचा वरचा कोपरा कोरडा होता. त्या बाजूच्या नळीची छिद्रे क्षाराने बुजली होती. काकांनी खिशातून सेफ्टी पिन काढून ती एकेक करून मोकळी केली, आणि ताटी खालपर्यंत ओली झाल्यावरच पंखा लावला. जाताना ते म्हणाले, “पोरांनो, समोरची खिडकी चार बोटं उघडी ठेवत जा. सगळं बंद करून बसाल तर खोलीत नुसती चिकचिक होईल.” आत आलेल्या ओलसर हवेला बाहेर पडायला वाट हवी, ही गोष्ट नव्याने कूलर वापरणाऱ्यांना कोणी सांगत नाही. म्हणून या एका वाक्यासाठीही मी दुकानाला पूर्ण गुण देईन.

ताट्या वुडवूलच्या, म्हणजे लाकडाच्या बारीक तासांच्या, नव्या बांधलेल्या होत्या. हनीकोंब पॅडचा, म्हणजे मधाच्या पोळ्यासारखी छिद्रे असलेल्या पॅडचा, कूलरही दुकानात होता, पण त्याचे भाडे अधिक होते आणि आम्हाला त्याची गरज भासली नाही. वुडवूलच्या ताट्यांवर बोअरवेलच्या जड पाण्याने लवकर पांढरा थर चढतो आणि हवा अडते. त्यामुळे शक्य असेल तेथे नळाचेच पाणी वापरावे.

आता तक्रारींकडे वळतो, आणि पहिली तक्रार मला सर्वांत गंभीर वाटते. कूलर आला तेव्हा त्याच्या वायरला दोन पिनांचा प्लग होता, म्हणजे लोखंडी बॉडीला अर्थिंगच नव्हते. पाणी, लोखंड आणि वीज एकत्र असलेल्या वस्तूला अर्थिंग नसणे हा जिवाशी खेळ आहे. विदर्भात कूलरचा धक्का लागून माणसे दगावल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात. आम्ही आग्रह धरल्यावर दुकानाने तीन तारांची वायर आणि तीन पिनांचा प्लग लावून दिला, त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत, आणि बॉडीला अर्थिंगची तार जोडलेली समोर दाखवली. परंतु हे मागावे लागता कामा नये. घरमालकांना विचारून फ्लॅटच्या मुख्य बोर्डावर गळती विद्युत प्रवाह ओळखून वीज तोडणारा आरसीसीबी आहे का, हेही पाहून घ्यावे. टपात पाणी भरताना प्लग काढून ठेवण्याचा नियम आम्ही तिघांनी कधीही मोडला नाही.

दुसरी तक्रार दुरुस्तीची आहे. नवतप्यात, म्हणजे 25 मेनंतरच्या ऐन काहिलीत, पंप बंद पडला. “आज माणूस पाठवतो” असे दुकानातून सांगितले गेले, पण माणूस त्या दिवशी आला नाही. त्या दिवसांत सगळ्या शहराचे पंप एकदमच बिघडतात हे मान्य केले, तरी हंगामाचे भाडे आगाऊ घेणाऱ्या दुकानाने बदली पंप तयार ठेवायलाच हवेत.

इतर सामानाबद्दल थोडक्यात सांगतो. पलंग भक्कम होते आणि टेबलही ठीक होते. गाद्या मात्र भाड्याने घेऊ नयेत. आमच्या गाद्यांतला कापूस एका बाजूला गोळा झाला होता, आणि कापूस पिकवणाऱ्या विदर्भात राहून नवी गादी भरून घेणे काही अवघड नाही. भांडी इतवारीच्या बाजारातून विकत आणली तर तीही परवडतात. स्वयंपाकासाठी आम्ही केवळ ओळखपत्र दाखवून पाच किलोचा छोटा सिलिंडर घेतला, त्यामुळे स्थानिक पत्त्याच्या पुराव्याचा प्रश्नच आला नाही. सामान ‘छोटा हत्ती’तून, म्हणजे छोट्या मालवाहू टेम्पोतून, आले. तीन मजल्यांची हमाली वेगळी द्यावी लागली, पण ती आधीच सांगितलेली असल्याने वाद झाला नाही.

कूलर भाड्याचा असला तरी त्यातील पाण्याची जबाबदारी वापरणाऱ्याचीच असते. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि साधारण आठवडा-दहा दिवसांत त्यातून नवे डास तयार होतात. म्हणून टप आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामा करून, घासून कोरडा करणे आवश्यक आहे. आमच्या टपाचे तळाचे बूच घट्ट बसत असल्याने हे काम सोपे झाले. घेताना ते बूच उघडून पाहावे.

जूनच्या मध्यानंतर हवेत ओल आली की कूलरचा उपयोग संपतो, आणि तेव्हाच दुकानाचा माणूस तो परत न्यायला आला. मागची जाळी वाकलेली असल्याचे आम्ही पहिल्याच दिवशी पावतीवर लिहून घेतले होते, त्यामुळे अनामत पूर्ण परत मिळाली. पुढच्या मार्चमध्ये कूलर याच दुकानातून घेण्याचे आमचे ठरले आहे. मात्र बिघडलेला पंप किती तासांत बदलून मिळेल, हे पावतीवर लिहून दिल्याशिवाय अनामत भरणार नाही, असे काकांना आताच सांगून ठेवले आहे.