जुनी पेन्शन, एनपीएस की यूपीएस : तुमचा खिसा आणि सरकारची २०६० पर्यंतची वही

हिवाळी अधिवेशन आलं की नागपुरात ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’चा घोष सुरू होतो. डिसेंबर २०२२ मध्ये याच अधिवेशनात तेव्हाचे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सांगितलं होतं, की जुनी योजना परत आणली तर १ लाख १० हजार कोटींचा बोजा पडेल. केंद्राच्या नोकरीत नव्याने लागलेल्या मुलामुलींना रुजू झाल्यापासून ३० दिवसांत एनपीएस (बाजाराशी जोडलेली राष्ट्रीय पेन्शन योजना) की यूपीएस (ठरलेल्या पेन्शनची हमी देणारी एकीकृत पेन्शन योजना) हे ठरवावं लागतं. जुनी पेन्शन त्या अर्जावर नाही, तरी घरोघरी तुलना तिच्याशीच होते. म्हणून तिन्ही योजना शेजारी ठेवून बघू.

आधी तुमचा खिसा. जुन्या योजनेत पगारातून काही कापत नाहीत, शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मं निवृत्तिवेतन आणि त्यावर महागाई सवलत. एनपीएसमध्ये तुमचे १० टक्के, सरकारचे १४. निवृत्तीला १ कोटी जमले असं धरू. ६० लाख हातात घेतले आणि उरलेल्या ४० लाखांची अ‍ॅन्युइटी (विमा कंपनीकडून आयुष्यभर मिळणारी ठरावीक रक्कम) ६ टक्क्यांनी मिळाली, तर महिन्याला २० हजार. हे २० हजार ऐंशीव्या वर्षीही २० हजारच राहतात, आणि खरी धास्ती त्याचीच आहे.

यूपीएसमध्ये २५ वर्षं सेवा झाली की शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ पगाराच्या ५० टक्के, वर महागाई सवलत. मूळ पगार ८० हजार असेल तर ४० हजारांपासून सुरुवात. मागे जोडीदाराला ६० टक्के. १० वर्षं भरली तरी किमान १० हजार. मात्र एकरकमी हातात येतात ते २५ वर्षांना साधारण पाच पगार. ३५ वर्षं नोकरी केली तरी टक्का ५० चाच. पंचवीस वर्षांच्या सेवेनंतर स्वेच्छानिवृत्ती घेतलीत, तर पेन्शन नेहमीच्या निवृत्तीच्या तारखेपासूनच सुरू होते, मधली वर्षं कोरडी.

आता सरकारची वही. मोर्चात आणि टीव्हीवरच्या चर्चेत हीच बाजू सुटते. राज्यात १ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्यांना जुनी योजना नाही. २००६ मध्ये पंचविशीत लागलेला कर्मचारी ५८ व्या वर्षी, म्हणजे २०३९ च्या सुमारास निवृत्त होईल. आज जुनी योजना परत आणणाऱ्या सरकारचे दरमहाचे १४ टक्के वाचतात आणि बिल येतं ते पुढच्या सरकारांना. राजस्थान, छत्तीसगड, झारखंड, पंजाब, हिमाचल या राज्यांनी हाच रस्ता धरला. सगळी राज्यं तिकडे वळली तर एकूण भार एनपीएसच्या साडेचार पटीपर्यंत जाऊ शकतो आणि २०६० पर्यंत वर्षाचा जादा खर्च जीडीपीच्या ०.९ टक्क्यांवर पोहोचेल, असं रिझर्व्ह बँकेच्या बुलेटिनमधल्या २०२३ च्या लेखाने मांडलं.

केंद्राने ३१ मार्च २०३१ पर्यंत कर्ज जीडीपीच्या सुमारे ५० टक्क्यांवर आणायचं ठरवलं आहे. पण पेन्शनचं न फेडलेलं वचन त्या कर्जाच्या आकड्यात धरलेलं नसतं. आकडा खाली आला म्हणून भार हलका झाला, असं समजू नका. विदर्भ-मराठवाड्यातल्या राज्य कर्मचाऱ्यांच्या पेन्शनचे कागद नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या महालेखाकार कार्यालयातून मंजूर होतात. तिथून निघालेल्या प्रत्येक आदेशाचे पैसे त्या-त्या वर्षीच्या करातूनच द्यावे लागतात, आणि तेवढे रस्ते, शाळा, दवाखान्यांतून कमी होतात.

या वहीत एनपीएस सगळ्यात स्वच्छ, कारण सरकारचा हिस्सा आजच भरला जातो. यूपीएस मधली. केंद्र त्यात १८.५ टक्के टाकतं, पण हमीची पेन्शन देण्यासाठीचा सामायिक निधी अपुरा पडला तर तूट पुन्हा तिजोरीवरच.

माझं मत स्पष्ट आहे. जुनी योजना सगळ्यांना परत देणं म्हणजे आज शाळेत असलेल्या पोरांच्या नावावर उधारी करणं. उरलेल्या दोनांत, तिशीनंतर लागलेल्यांनी आणि घरात दुसरी मिळकत नसलेल्यांनी यूपीएस घ्यावी. बावीस-तेविसाव्या वर्षी लागलेल्यांना, बाजाराचे चढउतार सोसायची तयारी असेल तर एनपीएस जास्त देऊ शकते. शिवाय मुलांसाठी काही मागे राहतं. दहा वर्षांच्या आत नोकरी सोडायचा विचार असेल तर यूपीएसकडे बघूच नका.

निर्णय होत नसेल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. यूपीएसमधून एनपीएसकडे निवृत्तीच्या एक वर्ष आधीपर्यंत एकदा परतता येतं, आणि एनपीएसमध्ये असता तर सरकारने तुमच्या खात्यात जादा टाकले असते, ते ४ टक्केही जमा होतात. उलट दिशेने तशी सोय नाही. ३० दिवसांत अर्ज दिला नाही, तर तुम्ही आपोआप एनपीएसमध्ये धरले जाता.